सराव कधी थांबवायचा? मुलांचे मैदान, ऊन, वीज आणि चिखल

पावसाची एक जोरदार सर येऊन गेली की अर्ध्या तासाच्या आत आमच्या क्लबाच्या फोनवर दहा-बारा पालकांचे निरोप येतात, "सर, आज सराव आहे ना?" एप्रिलमध्ये दुपारी साडेचार वाजता, रस्त्यावरचे डांबर अजून चपलेला चिकटत असताना, असा एकही निरोप येत नाही. मुलांच्या अ‍ॅथलेटिक्स क्लबात काही वर्षे मदतनीस म्हणून वावरल्यावर माझे असे मत झाले आहे की, हवामानाची आपली भीती नेमकी उलट्या क्रमाने लावलेली असते. साधा पाऊस मुलांना फारसा अपाय करत नाही. तो मैदान बिघडवतो आणि बिघडलेले मैदान मुलांना पाडते. वीज क्षणात जीव घेते, पण तिच्यापासून दूर राहण्याचा नियम सोपा आहे. ऊन मात्र कोणाच्या लक्षात न येता काम करते, आणि क्लबाची खरी परीक्षा तिथेच होते. म्हणून या लेखातही उन्हाला सर्वांत जास्त जागा दिली आहे.

धावताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात तिच्यातला जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा हालचालीच्या कामी येतो आणि उरलेल्या सगळ्याची उष्णता होते. ही उष्णता रक्ताबरोबर त्वचेपर्यंत येते आणि तिथून बाहेर पडायला वाट शोधते. व्यायाम करताना त्वचेचे तापमान साधारण ३५ अंशांच्या आसपास असते. हवा त्याहून गार असेल तर उष्णता आपसूक हवेत जाते. हवा त्याहून तापलेली असेल तर उलट हवाच शरीराला तापवू लागते आणि सगळी भिस्त घामावर येऊन पडते. तोही नुसता गळून उपयोग नाही, तो वाळला पाहिजे. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, पण हनुवटीवरून टपकलेला थेंब जवळजवळ काहीच नेत नाही. माठाचेही असेच असते. कोरड्या हवेत माठाच्या अंगावरचा ओलावा भराभर उडतो आणि पाणी गार होते, तर मुंबईच्या दमट हवेत तोच माठ नुसता ओला दिसत राहतो आणि पाणी कोमटच लागते.

मुलांच्या बाबतीत यात आणखी काही गोष्टी मिसळतात. पंचवीस किलो वजनाच्या मुलाची त्वचा वजनाच्या मानाने प्रौढ माणसाच्या जवळजवळ दीडपट भरते, त्यामुळे गार हवेत ते मूल लवकर निवते आणि पारा ३५च्या वर गेला की तितक्याच लवकर तापते. त्याच्या प्रत्येक घामग्रंथीतून घाम कमी येतो. धावण्याची ढब अजून पक्की झालेली नसल्याने त्याच वेगासाठी ते किलोमागे जास्त ऊर्जा जाळते. उंची कमी असल्यामुळे तापलेल्या ट्रॅकच्या जवळ असते आणि आपल्याकडे ते पुष्कळदा अनवाणीही असते. भर उन्हातला सिंथेटिक ट्रॅक हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो आणि अनवाणी तळव्यांना चक्क पोळतो. हे सगळे खरे असले तरी मुले उन्हात टिकूच शकत नाहीत, हा समज मात्र जुना झाला आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ साली आपली आधीची भूमिका बदलून सांगितले की, पुरेसे पाणी, पुरेशी विश्रांती आणि झेपेल इतकाच जोर असेल तर मुलांचे शरीर उष्णता बऱ्यापैकी पेलते. म्हणजे दोष मुलाच्या शरीरापेक्षा मोठ्यांनी आखलेल्या वेळापत्रकात असण्याचीच शक्यता अधिक असते.

आता "आज किती ऊन आहे?" हे ठरवायचे कसे? बहुतेक जण मोबाइलवरचा पारा पाहतात आणि तिथेच फसतात. पारा फक्त सावलीतल्या हवेचे तापमान सांगतो. घाम वाळेल की नाही आणि डोक्यावर ऊन किती आहे, हे तो सांगत नाही. यासाठी डब्ल्यूबीजीटी नावाचे एक माप वापरतात, जे १९५० च्या दशकात अमेरिकी सैन्यात भरती झालेल्या तरुणांना उष्माघात होऊ लागल्यामुळे तयार झाले. त्यात तीन तापमापक असतात. एकाच्या टोकाला ओले कापड गुंडाळलेले असते, म्हणजे तो घामाचे काम दाखवतो. दुसरा काळ्या पोकळ गोळ्यात असतो आणि उन्हाची धग मोजतो. तिसरा नेहमीचा, हवेचा. ओल्या तापमापकाच्या आकड्याचे ७० टक्के, काळ्या गोळ्याच्या आकड्याचे २० टक्के आणि हवेच्या आकड्याचे १० टक्के घेऊन बेरीज केली की हे माप मिळते. सत्तर टक्के वजन घामाला दिले आहे, यातच त्याचे सार आले.

हिशेब करून पाहू. समजा नागपुरात मे महिन्यातली दुपार आहे, पारा ४३ अंश आणि हवेतली आर्द्रता अवघी १५ टक्के आहे. ओला तापमापक साधारण २३ अंश दाखवेल. उन्हातला काळा गोळा ५५ पर्यंत गेला असे धरू. बेरीज ३१ च्या जरा वर येते. त्याच वेळी मुंबईत पारा ३४ आणि आर्द्रता ६५ टक्के आहे. तिथे ओला तापमापक २८ च्या वर जातो, काळा गोळा ४६ धरला तरी बेरीज साडेबत्तीसच्या घरात जाते. म्हणजे मोबाइलच्या पडद्यावर नऊ अंशांनी गार दिसणारी मुंबई धावणाऱ्या मुलासाठी नागपूरपेक्षा वाईट ठरते. याचा अर्थ नागपूरची दुपार चालेल असा मुळीच नाही. दोन्हीकडे मुले घरात असली पाहिजेत. पण "आपल्याकडे कुठे चाळीस झालंय?" हे कोकणपट्टीवर ऐकू येणारे वाक्य किती फसवे आहे, ते यातून कळते. भारतीय हवामान विभागही उष्णतेची लाट ठरवताना सपाट प्रदेशासाठी ४० अंशांची आणि किनाऱ्यासाठी ३७ अंशांचीच किमान अट लावतो. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरला भर दुपारी उघड्यावर झालेल्या सोहळ्यानंतर १४ जणांचे प्राण गेले, तेव्हाही पारा चाळिशीच्या खालीच होता, आणि ती माणसे तर नुसती बसलेली होती.

किती आकड्याला थांबायचे, याची एक मर्यादा त्याच बालरोगतज्ज्ञ संघटनेने २००० साली दिली होती: डब्ल्यूबीजीटी २४ च्या खाली असेल तर सर्व काही चालेल, २४ ते २६ मध्ये विश्रांती लांबवावी, २६ ते २९ मध्ये उन्हाची सवय नसलेल्या मुलांना बसवावे आणि बाकीच्यांचेही काम कमी करावे, २९ च्या वर मैदानी सराव बंद ठेवावा. ही पट्टी शब्दशः लावायची म्हटले तर मुंबईत मे महिन्यात पहाटे, सूर्य उगवण्याआधी, पारा २८ आणि आर्द्रता ८५ टक्के असतानाही माप साडेसव्वीसवर जाते. म्हणजे तिथे उन्हाळ्यात "बिनधास्त" अशी वेळच नसते. मला स्वतःला ही पट्टी आपल्या मुलांसाठी थोडी कडक वाटते, कारण ती याच हवेत वाढलेली असतात. पण २९ ही शेवटची रेघ मी ओलांडू देणार नाही. मोजण्याचे हातात मावणारे यंत्र काही हजार रुपयांत मिळते. ज्या क्लबाला उंच उडीच्या नव्या गाद्या घेणे परवडते त्याला हेही परवडते, आणि ते कार्यालयाच्या भिंतीवर नव्हे, ट्रॅकवर ठेवून वाचायचे असते.

सकाळ बरी की संध्याकाळ, या वादातही एक गोम आहे. सकाळी आर्द्रता जास्त असते म्हणून काही जण संध्याकाळ निवडतात. पण दिवसातले सर्वांत कमी तापमान सूर्योदयाच्या सुमारास असते, जमीन रात्रभरात निवलेली असते आणि काळ्या गोळ्याला तापवायला ऊनच नसते. संध्याकाळी साडेचारला हवा किंचित उतरली तरी जमीन, भिंती आणि लोखंडी बाके दिवसभराची धग परत देत असतात. म्हणून मार्चअखेरपासून आमची तुकडी पहाटे साडेपाचला उभी राहते आणि सातला सुटते. पालक कुरकुरतात, मुले मात्र आठवड्यात रुळतात.

या सगळ्यात सर्वांत धोक्याचा काळ कोणता, असे विचारले तर मी उन्हाळी शिबिराचा पहिला आठवडा सांगेन. परीक्षा संपेपर्यंत मुले महिनाभर कूलरखाली बसून अभ्यास करत असतात आणि मग एका सोमवारी, वर्षातल्या सर्वांत तापलेल्या पंधरवड्यात, नव्या बुटांसह मैदानावर येतात. शरीराला उष्णतेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. तेवढ्या काळात रक्तातील पाण्याचा भाग वाढतो, घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून मीठ कमी जाते. म्हणून पहिल्या तीन-चार दिवसांत निम्माच वेळ, लंगडी, साखळी, दोरीवरच्या उड्या आणि भरपूर बसणे, एवढेच ठेवायचे. वेळ लावून पळवणे दुसऱ्या आठवड्यानंतर. ताप, जुलाब किंवा लग्नाच्या जागरणानंतर परतलेल्या मुलाला पुन्हा नवा समजायचे, आणि सर्दीची गोळी घेऊन आलेल्याकडे जास्त लक्ष ठेवायचे, कारण अशा काही गोळ्यांनी घाम कमी येतो.

पाण्याबद्दल फार लिहायची गरज नाही. नऊ ते बारा वर्षांच्या मुलाला दर वीस मिनिटांनी १०० ते २५० मिलिलिटर, म्हणजे अर्धा ते एक पेला पाणी पुरते, आणि ते तहान लागण्याची वाट न पाहता शिट्टी वाजवून सगळ्यांनी एकत्र प्यायचे असते; खेळात रमलेले मूल स्वतःहून बाटलीकडे जात नाही. तासाभराच्या सरावाला साधे पाणी भागते. घरी गेल्यावर ताक, पन्हे किंवा कोकम सरबत उत्तम. जुलाब किंवा खूप घाम झाला असेल तर औषधाच्या दुकानातली खरी जलसंजीवनी, म्हणजे ओआरएस, आणावी. तशीच वेष्टने असलेली गोड पेये वेगळी, आणि २०२५ साली अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्यांच्यावर ओआरएस हे नाव वापरायला मनाई केली ती याच गोंधळामुळे. खिशातला कांदा मात्र खिशातच राहतो, शरीराचे तापमान तो उतरवत नाही.

काही वर्षांपूर्वी एका शिबिराच्या तिसऱ्या दिवशी आमच्याकडे अकरा वर्षांची एक मुलगी ६०० मीटर धावून आली आणि शेवटच्या रेषेवर न थांबता तिरकी चालत लांब उडीच्या खड्ड्याकडे गेली. मी विचारले, "पाणी देऊ का गं?" ती म्हणाली, "माझी वही कुठे ठेवलीय?" तिचा चेहरा लालबुंद होता आणि कपाळावर घाम भरपूर होता. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, असे तेव्हा आमच्यातले एक जण म्हणालेही. हा समज घातक आहे. व्यायामातून होणाऱ्या उष्माघातात घाम चालूच असू शकतो. खूण असते ती वागण्याची. शरीराच्या आतले तापमान ४० अंशांच्या वर गेले की मेंदू चुकू लागतो, आणि मूल असंबद्ध बोलते, चिडते, झोकांड्या खाते किंवा कोसळते. अशा वेळी काखेत तापमापक धरून आकड्याची वाट पाहायची नसते, कारण काखेतला आकडा आतल्यापेक्षा बराच कमी येतो. नाव विचारा, वार विचारा. उत्तर चुकले की उष्माघात समजून कामाला लागा.

पहिले काम थंड करणे आणि दुसरे काम नेणे, हा क्रम डोक्यात पक्का हवा. एकाने १०८ ला फोन लावायचा आणि बाकीच्यांनी त्याच क्षणी मुलाला सावलीत, शक्य असेल तर गळ्यापर्यंत गार पाण्यात बसवायचे; डोके एकाने धरून ठेवायचे. पिंप किंवा टब नसेल तर ताडपत्रीचे चार कोपरे उचलून धरले की तिची पाणी साठणारी झोळी होते. तेही नसेल तर पाइपाने अंगभर पाणी, पंखा, आणि मान, काखा व जांघांत बर्फाचे ओले पंचे. पहिल्या अर्ध्या तासात तापमान खाली आले तर मूल बहुधा पूर्ण बरे होते, आणि तो अर्धा तास रिक्षात घालवला तर होईलच असे नाही. शुद्ध पुरती नसलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालायचे नाही. आमची मुलगी मैदानावर पाणी मारायच्या पिंपात बसून दहा मिनिटांत "थंडी वाजतेय" म्हणाली आणि दवाखान्यातून रात्री घरी गेली. चूक सर्वस्वी आमची होती. सहानंतर मैदान दुसऱ्यांना द्यायचे म्हणून आम्ही साडेचारला सुरुवात केली होती. त्या आठवड्यापासून गार पाण्याचे पिंप भरल्याशिवाय शिट्टी वाजत नाही.

विजेचा हिशेब त्या मानाने सरळ आहे. महाराष्ट्रात ती सर्वांत धोक्याची असते वळवाच्या दिवसांत, एप्रिल ते जूनच्या सुरुवातीपर्यंत, आणि मग पाऊस परतताना ऑक्टोबरात. दोन्ही वेळा ढग दुपारनंतर चढतात, म्हणजे नेमके संध्याकाळच्या तुकडीच्या वेळी. आवाज तीन सेकंदांत साधारण एक किलोमीटर जातो. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंद किंवा त्याहून कमी वेळ लागला तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची तुमच्या मैदानावर पडू शकते. तेव्हा सगळे आत जायचे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर पूर्ण तीस मिनिटे बाहेर यायचे नाही. मध्ये पुन्हा गडगडले की घड्याळ पुन्हा शून्यावर. पाऊस सुरू व्हायची वाट पाहणे ही नेहमीची चूक आहे, कारण वीज पावसाच्या पुढे कितीतरी अंतरावर पडते. आत म्हणजे पक्क्या इमारतीत किंवा बंद काचांच्या मोटारीत. झाड, मांडव, प्रेक्षकांची उघडी गॅलरी आणि पत्र्याची शेड हे "आत" नव्हे. भाले, उंच उडीचे खांब आणि अडथळे जागच्या जागी टाकून द्यायचे. ते गोळा करायला मुलांना पाठवणारा प्रशिक्षक मी पाहिला आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने तयार केलेले दामिनी हे मोफत ॲप २० ते ४० किलोमीटरच्या परिघातल्या विजा दाखवते, आणि हवामान विभाग जिल्ह्यानुसार पुढच्या तीन तासांचा इशाराही देतो. दोन्ही पाहावेत, पण कान उघडे ठेवून.

राहिला पाऊस. वीज नसेल तर रिमझिम पावसात पळणे मुलांना आवडते आणि त्यात गैर काही नाही. प्रश्न पायाखालच्या जमिनीचा असतो. शेतकरी वापसा आल्याशिवाय, म्हणजे जास्तीचे पाणी निघून माती कामाजोगी झाल्याशिवाय, कोळपे घालत नाही. क्लबानेही वापसा आल्याशिवाय मुले उतरवू नयेत. मूठभर माती दाबून गोळा करा आणि गुडघ्याच्या उंचीवरून सोडा. फुटला तर चालेल, चपटा होऊन बसला तर आज मैदान बंद. मुरमाच्या ट्रॅकवर तासा-दोन तासांत वापसा येतो, काळ्या मातीला दोन-दोन दिवस लागतात. ओल्या काळ्या मातीवर पळवले तर त्या दिवशी घसरगुंडी होतेच, शिवाय उमटलेले खड्डे वाळून दगडासारखे होतात आणि पुढचा महिनाभर घोटे मुरगळत राहतात.

सगळे प्रकार एकदम बंद करावे लागत नाहीत. सर्वांत आधी जातात अडथळ्यांची शर्यत आणि उंच उडी, कारण दोन्हींत ओल्या पायाने जोर घेऊन हवेत जायचे असते. थाळीफेकीचे सिमेंटचे वर्तुळ ओले झाले की तिथे गिरकी बंद. थाळी ओल्या बोटांतून सुटली तर कुठल्या दिशेला जाईल ते सांगता येत नाही, म्हणून प्रत्येक फेकीआधी हात, थाळी आणि वर्तुळ पुसायला जाडे पंचे लागतात. गोळाफेक जागेवर उभी राहून करता येते. वाळूचा खड्डा मऊ असतो असे सगळ्यांना वाटते, पण पावसाने बसलेली वाळू फरशीसारखी कडक होते. फावड्याने हातभर उकरून काढल्याशिवाय एकही उडी मारू द्यायची नाही. रात्री ताडपत्री घातलेली असेल तर हे काम निम्मे होते, फक्त तिच्यावर साचलेले पाणी काढताना ते खड्ड्यातच ओतायचे नाही. फक्की वाहून गेली की आखणीऐवजी प्लास्टिकचे शंकू ठेवावेत. बाकी दिवस वर्गात: सुरुवात कशी घ्यायची, दोरीच्या उड्या, पोटाचे व्यायाम, रिले शर्यतीतले बॅटन देणे-घेणे. बॅटनची देवाणघेवाण आमची मुले व्हरांड्यातच शिकली.

सराव संपल्यावर ओले कपडे अंगावर वाळू द्यायचे नाहीत, पुण्याच्या जुलैतल्या वाऱ्यात भिजलेले मूल दहा मिनिटांत कुडकुडते. कोरडा सदरा आणि टॉवेल प्लास्टिकच्या पिशवीत दप्तरातच हवा. मोजे रोज बदलले नाहीत तर चिखल्या होतात. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात जायचे नाही, कारण उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो; तसे पाणी लागलेच तर पाय साबणाने धुवायचे आणि पुढच्या दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना मैदानाचा उल्लेख करून सांगायचे.

हे सगळे ठरवणार कोण? एकच माणूस, आणि तो स्पर्धेच्या तयारीने झपाटलेला मुख्य प्रशिक्षक नसलेला बरा. आमच्याकडे पाळीने एक पालक असतो. तो पहाटे पाचला यंत्र आणि इशारे पाहतो, मैदानावर मातीचा गोळा टाकून बघतो आणि "पूर्ण", "बदललेला" किंवा "बंद" एवढाच एक शब्द पालकांच्या गटावर टाकतो. त्यावर गटात चर्चा करायची नाही, हा नियम पाळायला दीड वर्ष लागले.

स्पर्धेच्या दिवशी मात्र क्लबाच्या हातात फार थोडे उरते. शालेय स्पर्धांचे तालुका आणि जिल्हा टप्पे बहुधा ऑगस्टपासून पुढे, म्हणजे पावसात आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात येतात. लांबच्या शर्यती पहिल्या घ्या, मुले पुकारणीसाठी जिथे तासभर बसतात तिथे मांडव घाला, हे आयोजकांना आधी लेखी कळवता येते, आणि बरेच जण ऐकतातही. अडते ते उद्घाटनाच्या संचलनाशी. रांगेत निश्चल उभ्या मुलांच्या पायांत रक्त उतरते, उन्हात त्वचेच्या रक्तवाहिन्या आधीच पसरलेल्या असतात, मेंदूला रक्त कमी पडते आणि पाहुण्यांची वाट पाहता पाहता चौथ्या रांगेतले एखादे पोर धाडकन खाली येते. गेल्या दोन वर्षांपासून आम्ही मुलांना तिथे टाचा वर-खाली करत राहायला शिकवतो आणि साडेआठनंतरही पाहुणे आले नाहीत तर आमची रांग सावलीत नेऊन बसवतो.